बाजूचा काढ

संगमेशचं काम सांगायला सोपं होतं. परळीत ज्याचा वाढदिवस असेल त्याचा चेहरा मोठा करायचा, डोक्यामागं सिंह नाहीतर उगवता सूर्य बसवायचा, आणि खाली गोलागोलांत त्याच्या मित्रांचे फोटो ओळीनं लावायचे. त्या ओळीखाली ठळक अक्षरांत टाकायचं, 'शुभेच्छुक : समस्त मित्र परिवार'. चार वर्षं तो रामेश्वरशेठच्या फ्लेक्सच्या दुकानात हेच करत होता. गावातल्या निम्म्या पोरांचे चेहरे त्यानं जवळून पाहिले होते. कुणाच्या गालावर खड्डा आहे, कुणाला गोरं करून हवं, कुणाला मिशी जाड करून हवी, सगळं त्याला पाठ होतं. त्यातला एकही जण रस्त्यात त्याला ओळखत नव्हता.

पंचविसाव्या वर्षी मित्र नसणं ही काही लाज वाटावी अशी गोष्ट नाही, असं म्हणणाऱ्यानं आधी परळीत एकट्यानं चहा पिऊन दाखवावा. हॉटेलात एकटं बसलं की कुणीतरी विचारतंच, "कुणाची वाट बघायलास का?" संगमेश हो म्हणायचा. मग ते नाटक निभावावं लागायचं. दोनदा मोबाईल बघायचा, एकदा रस्त्याकडं बघायचं, आणि "येत न्हाई वाटतं" असं पुटपुटत उठायचं. सिदूच्या हॉटेलात हे इतक्या वेळा झालं होतं की सिदू आताशा विचारतच नसे. त्याचं ते न विचारणं जास्त झोंबायचं.

बारावीपर्यंत सोबत असलेली पोरं पुण्याला गेली होती. संगमेश राहिला, कारण देवळाच्या पायऱ्यांपाशी वडिलांचं, कल्याणरावांचं, बेल-विभूतीचं दुकान होतं आणि तो एकुलता एक होता. शाळेत त्याच्याशेजारी एका बाकावर बसणारा भारत चाकणला कंपनीत लागला. त्याला फोन केला की तो म्हणायचा, "कामावर हाय, सांच्याला करतो." ती सांज दोन वर्षांत उगवली नव्हती. वर्गाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर रोज सकाळी फुलं यायची. संगमेश त्या फुलांनाही हात जोडायचा आणि वाट बघायचा, कुणी 'कसा हायस' म्हणतंय का.

दिवाळी होऊन आठवडा झाला आणि विजयसिंहच्या वाढदिवसाचं काम आलं. विजयसिंह म्हणजे अर्जुनरावांचा मुलगा. अर्जुनराव कधीकाळी जिल्हा परिषदेत होते, तेवढ्यावर मुलाला सगळं गाव भैय्या म्हणायचं. त्याच्या फ्लेक्सचं बघायचा राम नावाचा त्याचा माणूस. रामनं दुकानाच्या नंबरवर बारा नावं आणि बारा फोटो पाठवले. अकरा फोटो धड होते. बारावा बजरंग नावाच्या कुणाचा तरी होता, लग्नाच्या पंगतीत कुणीतरी लांबून काढलेला. तोंडात घास, डोळे अर्धे मिटलेले. मोठा करायला गेलं की नुसते ठिपके दिसायचे.

रामेश्वरशेठनं खांद्यावरून वाकून पाहिलं. "ह्यो काय छापायचा हाय का? रामला फोन लाव, दुसरा मागव," म्हणाले आणि जेवायला निघून गेले.

संगमेशनं फोन लावला नाही. का लावला नाही, याचं उत्तर त्यानं पुढं स्वतःला पुष्कळ वेळा पुष्कळ तऱ्हांनी दिलं, पण खरं उत्तर एवढंच की समोर एक गोल रिकामा होता. अकरा पोरं एका ओळीत हसत होती आणि बाराव्या जागेवर कुणी नव्हतं. तलाठी भरतीच्या फॉर्मसाठी काढलेला स्वतःचा फोटो त्याच्या कॉम्प्युटरमध्ये होताच. त्यानं तो उचलून गोलात ठेवला. छान बसला. मग खाली नाव टाईप केलं. यजमानानं न बोलावलेल्या माणसानं पंगतीत शेवटच्या पाटावर हळूच बसावं, तसा तो बसला. शेठ जेवून आले तेव्हा छपाई सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स चौकात लागला. संगमेश काहीतरी काम काढून तीनदा तिथून गेला. विजयसिंहच्या माणसांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. फ्लेक्सवर जो तो आपलं तोंड शोधतो, दुसऱ्याचं कोण बघतो? गावानं मात्र बघितलं. सिदूनं न मागता मलईचा चहा दिला आणि म्हणाला, "भैय्याचा माणूस हायस, कधी बोलला न्हाईस." कल्याणराव जेवताना एवढंच म्हणाले, "कुणाच्या ओळीत बसायचं ते बघून बसावं." आणि त्याची आई, मल्लम्मा, तिनं तर शेजारणीला चौकापर्यंत चालवत नेलं. घरी येऊन पदरानं घाम पुसत म्हणाली, "मला लई काळजी वाटायची रे संगू, तुला कुणी मित्रच न्हाई म्हणून. बरं वाटलं बघ." संगमेशनं मान खाली घालून भाकरी मोडली. पण ती खूश होती, आणि खरं सांगायचं तर तोही होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर राखेचा टिप्पर थांबला. थर्मल वीजकेंद्राची राख वीटभट्ट्यांवर नेणारे असे टिप्पर दिवसभर गावातून जातात. त्यातून एक उंच पोरगा उतरला. भुवयांवर राख, केसांवर राख, डोळे तेवढे काळेभोर. आत येऊन तो उभाच राहिला. तोंडात घास नसल्यामुळं संगमेशला ओळखायला क्षणभर वेळ लागला.

"भैय्याचा फ्लेक्स तूच बनीवला का?"

"हं."

"माझं नाव बजरंग. यादीत व्हतं का माझं नाव?"

इथं एक वाक्य पुरलं असतं. फोटो खराब होता, चूक झाली, नवा दे, पुढच्या वेळी लावतो. संगमेशच्या जिभेवर ते आलंही होतं. पण मग बजरंगनं लगेच विचारलं असतं की माझ्या जागी तू कसा. संगमेशनं मान हलवली. "न्हवतं."

"आन तुझं व्हतं?"

"व्हतं."

बजरंगनं स्टूल ओढलं आणि बसला. चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता जमिनीकडं बघत बसला, आणि त्याच्या केसांतली राख फरशीवर पडत राहिली. मग म्हणाला, "तीन वर्षं हाय मी त्यांच्यात. कावून काढलं असंल?"

"त्यांनाच विचार की."

"असं कुठं विचारता येतं का बे? ज्याला विचारावं लागतं, तो त्यांच्यातला नसतोच." मग त्यानं वर पाहिलं. "बैठकीत तुला कधी बघितलं न्हाई, पण भैय्याला भेटतोस न्हवं?"

"भेटतो कधीमधी," संगमेश म्हणाला. एकदा खोटं बोलायला तोंड उघडलं की ते लवकर मिटत नाही.

"मग माझा विषय काढ. नुसतं विचार, बजरंगचं काय चुकलं म्हणून."

असा बजरंग यायला लागला. दुपारची खेप टाकून आला की टिप्पर बाजूला लावायचा आणि स्टूलवर बसायचा. येताना सिदूकडं दोन चहा सांगून यायचा. पहिले काही दिवस आल्या आल्या विचारायचा, "काढला का विषय?" संगमेश म्हणायचा, "भैय्या पुण्याला गेलाय," नाहीतर "आज गर्दी व्हती, उद्या काढतो." बजरंग मान डोलवायचा. विजयसिंहच्या बैठकीकडं जाणं त्यानं बंद केलं होतं. काढलेल्या माणसानं कुठल्या तोंडानं जायचं, म्हणायचा.

पण माणूस दोन तास स्टूलवर बसला की एकाच विषयावर किती बोलणार? हळूहळू दुसरंही निघायला लागलं. बजरंगचे वडील उमापूरला मोठ्या भावाकडं राहत होते आणि ह्याच्याशी बोलत नव्हते. इथं तो एका खोलीत एकटाच असायचा. त्याला भाजी येत नव्हती, फक्त खिचडी यायची. गाडीत गाणं लावलं की झोप येते म्हणून तो स्वतःशी मोठ्यानं बोलत टिप्पर चालवायचा. "येकट्यानं बोलत जातो म्हणून भट्टीवाले मला येडा म्हणत्यात," तो म्हणाला. संगमेशनं त्याला हॉटेलातलं आपलं नाटक सांगितलं, मोबाईल दोनदा आणि रस्ता एकदा. ते त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बजरंग इतका हसला की शेठ आतून बघायला आले. दुसऱ्या दिवशी बजरंग सिदूच्या हॉटेलात आधी जाऊन बसला आणि संगमेश आल्यावर मोठ्यानं म्हणाला, "ये बे, किती वाट बघायची?" संगमेशला तेव्हा रडू आवरावं लागलं. आपण एवढ्याशा गोष्टीला एवढे भुकेलेले आहोत, याची त्याला लाज वाटली, आणि तरी फार बरं वाटलं.

मल्लम्मानं बजरंगला जेवायला बोलावलं. त्यानं चार भाकरी खाल्ल्या आणि ताट स्वतः घासून ठेवलं. मग दर सोमवारी तो यायला लागला. कल्याणराव सहसा कुणाशी बोलत नाहीत, ते त्याला म्हणाले, "दुकानाला पत्रा बसवायचाय, येशील का?" तो आला आणि दिवसभर राबला.

संक्रांत झाल्यावर एका रविवारी दोघं मोटारसायकलवर नागापूरच्या धरणावर गेले. बजरंगनं नवा चौकड्याचा शर्ट घातला होता. पाण्यात उतरून त्यानं तोंड, मान, केस खसाखसा धुतले, आणि राखेखालून एक देखणा, पोरसवदा चेहरा निघाला. ऊन उतरत होतं. "ये, फोटो काढू," म्हणत त्यानं हात लांब करून मोबाईल धरला. संगमेशनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. दुसऱ्यांच्या खांद्यांवरचे असे शेकडो हात त्यानं कापून वेगळे केले होते, पण स्वतःचा हात कुणाच्या खांद्यावर टाकायची त्याची ही पहिलीच वेळ होती. कुठं किती वजन द्यायचं तेही त्याला कळेना. फोटो बघून तो म्हणाला, "तुझा चेहरा लई साफ आलाय. फ्लेक्सला चालतो हा." बजरंग हसला. फोटो त्यानं संगमेशला पाठवला.

त्या दिवशी परत येताना संगमेशच्या ध्यानात आलं की बजरंगनं भैय्याचा विषय काढलेला नाही. त्यानं मनात मोजलं. बारा दिवस झाले होते. पुढचा आठवडाही गेला, बजरंग रोज आला, चहा प्याला, बसला, आणि एकदाही विचारलं नाही. संगमेशनं त्याचा अर्थ लावला. कुणीही तोच लावला असता. आता तो भैय्यासाठी येत नाही, आपल्यासाठी येतो. आणि असं असेल, तर त्याच्याशी खोटं बोलून कसं चालेल? जो माणूस आपल्या घरात ताट घासतो, त्याच्यापासून हे लपवून ठेवणं संगमेशला जड जायला लागलं. चौकातला तो फ्लेक्स अजून लटकत होता. राख बसून बसून सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे झाले होते, तरी बाराव्या गोलातला आपला चेहरा त्याला लांबून ओळखू यायचा.

जानेवारीच्या शेवटी, दुपारी चारच्या सुमाराला, सिदूच्या हॉटेलात त्यानं सांगितलं. चहा समोर आला होता. त्यानं सगळं एका दमात सांगितलं. यादीत तुझं नाव होतं. तुझा फोटो मी काढून टाकला, माझा लावला. मी भैय्याला आयुष्यात भेटलेलो नाही.

बजरंगनं उचललेला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हंजे त्यांनी मला काढलं न्हवतं."

"न्हाई."

"यादीत व्हतो मी."

"व्हतास."

आणि बजरंगचा चेहरा उजळला. धरणावर राख धुतल्यावर निघाला होता तसा. संगमेशनं ते बघितलं. एवढा आनंद त्याला आपल्या सोबतीत कधी झालेला नव्हता. तो उजेड लगेच गेला.

"मग असं कावून केलंस?"

हीच ती वेळ होती. मला कुणी नव्हतं, मला तुमच्यात बसायचं होतं, मी चुकलो. एवढं म्हणायला काय लागतं? संगमेश म्हणाला, "फोटो ब्लर व्हता तुझा."

बजरंगनं त्याच्याकडं बघितलं. आवाज चढवला नाही. "दोन महिने मी तिकडं फिरकलो न्हाई. त्यांना वाटलं असंल, बजरंग माजला." मग हिशेब लागत नसल्यासारखा तो म्हणाला, "म्हंजे एवढे दिवस मी तुझ्यापशी उगंच बसलो का बे?"

तो उठला आणि गेला. कपातला चहा तसाच होता. संगमेशनं सवयीनं मोबाईल बघितला, रस्त्याकडं बघितलं. सिदू फडकं घेऊन टेबल पुसायला आला आणि काही न विचारता कप उचलून घेऊन गेला.

ते वाक्य संगमेशनं पुढं किती वेळा उलटंपालटं करून बघितलं. रागात बोलला असेल. माणूस रागात काहीही बोलतो. जवळजवळ तीन आठवडे त्यानं विचारलं नव्हतं, ते काय उगंच? की विचारून विचारून कंटाळला होता, आणि बसायची नुसती सवय राहिली होती? त्यानं फोन केले. बजरंगनं उचलले नाहीत. टिप्पर दुकानासमोरून जायचा, वेग कमी न करता. सिदूकडून कळलं की बजरंग दुसऱ्याच दिवशी बैठकीवर गेला होता. राम त्याला म्हणाला, "कुठं मेलतास बे एवढे दिवस?" तेवढंच. दोन महिने जीव जाळत ज्या दारापासून तो लांब राहिला, ते कधी बंदच झालेलं नव्हतं. आणि तो येत नाही, हे आत कुणाच्या फारसं लक्षातही आलं नव्हतं. असल्या लोकांकडं तो परत गेला, आणि गेला तो हसत गेला, हे संगमेशला सगळ्यांत जास्त लागलं.

सोमवारी मल्लम्मानं भाकरी जास्त टाकल्या. "येत न्हाई वाटतं आज," ती म्हणाली. पुढच्या सोमवारी म्हणाली, "भांडलात का रे?" त्याच्या पुढच्या सोमवारी तिनं मोजक्या टाकल्या.

मग महाशिवरात्र आली. परळीला यात्रा भरते, गावात पाय ठेवायला जागा नसते, आणि भाविकांचं स्वागत करायला हौसेनं उभे राहणारे फ्लेक्स भाविकांहून जास्त असतात. विजयसिंहचंही काम आलं. देवळाचं शिखर, विजयसिंहचे जोडलेले हात, खाली बारा गोल. रामनं दुकानाच्या नंबरवर एकेक फोटो पाठवायला सुरुवात केली. संगमेश लावत गेला. अकरावा लावून झाला आणि बारावा आला.

धरण होतं. उतरतं ऊन होतं. चौकड्याचा शर्ट घातलेला बजरंग होता, राख धुतलेला, देखणा. त्याच्या खांद्यावर हात टाकून संगमेश हसत होता.

खाली रामनं लिहिलं होतं, 'बजरंगचा हा लाव. लई भारी आलाय. बाजूचा कोण हाय, तो काढ.'

संगमेशनं ते दोनदा वाचलं. अडीच-तीन महिने त्याचा चेहरा ह्यांच्या चेहऱ्यांशेजारी चौकात लटकत होता. राम रोज त्याच्याखालून गाडी काढायचा. बाजूचा कोण हाय, हे त्यानं चिडवायला विचारलं नव्हतं. त्याला खरंच माहीत नव्हतं. आणि बजरंगनं हा फोटो त्याला पाठवताना काय म्हटलं असेल? काहीच म्हटलं नसेल. ज्याच्याकडं आपला एकच चांगला फोटो असतो, तो तोच पाठवतो.

"दुसरा मागवायचा का?" रामेश्वरशेठ मागून म्हणाले. त्यांनीही फक्त फोटो बघितला, त्यातला संगमेश नाही. "न्हाई, हा चालतोय. ते दुसरं पोरगं तेवढं उडव."

संगमेशनं रामला 'ओके भाऊ' लिहिलं आणि कामाला लागला. चेहरा आधी गेला. स्वतःचा चेहरा काढायला फार वेळ लागत नाही, मागं नुसतं पाणी होतं. मग मान, मग छाती. उरला तो हात. हात अवघड होता. तो शर्टावर पडलेला होता आणि त्याच्याखालचा शर्ट फोटोत नव्हताच. दुसऱ्या खांद्यावरच्या चौकड्या उचलून, त्या उलट्या करून, एकेक रेघ जुळवत ह्या खांद्यावर बसवाव्या लागल्या. निळी रेघ निळीला, पांढरी पांढरीला. त्यात तासभर गेला. चार वर्षांत एवढं नेटकं काम त्यानं केलं नव्हतं.

मग त्यानं बजरंगला गोलात बसवला. गोलाच्या कडेला एका बोटाचं टोक राहिलं होतं. पांढऱ्या किनारीखाली ते झाकलं गेलं असतं, कुणाला दिसलंही नसतं. संगमेशनं तेही काढलं. खाली नाव टाईप केलं, बजरंग, आणि फाईल छपाईला सोडली.